रीड अलाँग हे वाचनाचं अॅप : चार महिने वापरून झाल्यावर

मुलगा चौथीत आहे, डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं-शब्द वाचताना अडखळतो, हे गेल्या वर्षी कळलं. त्याआधी आम्ही त्याला आळशीच समजत होतो, मी तर जरा जास्तच. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत माझा आवाज चढायचा आणि त्याचं पोट दुखायला लागायचं.

आधी एक पैसेवालं अॅप घेतलेलं, नाव लिहीत नाही, वर्षाचे अडीच हजार गेले. जाहिरातीत काय तर एआय तुमच्या मुलाला ओळखतं. कसलं ओळखतंय, 'पाणी' बघून हा 'पानी' म्हणाला की चूक! अहो आमच्याकडे आजीपासून सगळे पानीच म्हणतात, पोराने शब्द बरोबर वाचला होता. आणि जरा थांबला की लगेच पुढे चला. ज्याला थांबत थांबतच वाचता येतं त्याच्या मागे घाई लावून काय मिळणार. तिसऱ्या आठवड्यात काढून टाकलं.

मग त्याच्या रेमेडियलच्या (अशा मुलांच्या खास शिकवणीच्या) ताईंनी गूगलचं रीड अलाँग सांगितलं. 2019 मध्ये हे 'बोलो' नावाने आलं होतं, नंतर मराठी आली आणि नाव बदललं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, गोष्टी डाउनलोड केल्या की नेट लागत नाही. गोष्ट मोठ्याने वाचायची, फोन ऐकतो, दिया नावाची एक मुलगी आहे ती शाबासकी देते, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो म्हणून दाखवते. चांदण्या मिळतात. आमच्याकडे चांदण्यांचा हिशोब बँकेच्या पासबुकासारखा चालतो.

आता मुद्द्याचं. आपल्या लिपीत या मुलांची वेगळीच गंमत होते. 'किरण' मध्ये वेलांटी लिहिलेली आधी, म्हणायची नंतर. डावीकडून सरळ वाचत आलेलं पोर तिथेच अडकतं. 'सूर्य' मधला र तर डोक्यावरच बसलेला. त्यात घ आणि ध, भ आणि म. परवा वाक्य होतं 'धरण भरलं', याने 'घर' म्हणून सुरुवात केली आणि पुढचा ण बघून गप्प. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते, तोंडावर आलेलं गिळलं. त्याने शब्दावर बोट ठेवलं, दियाने 'धरण' म्हटलं, परत ठेवलं, परत म्हटलं. पाच वेळा तरी. मग माझ्याकडे वळून म्हणतो, आई ध च्या डोक्यावर गाठ असते, घ ला नसते! हे मी त्याला पन्नास वेळा सांगितलंय हो. पण मी तिसऱ्या वेळेपासून दात खाऊन सांगायचे, दिया पाचव्या वेळीही त्याच आवाजात सांगते, एवढाच फरक.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. हे वाचनाच्या सरावाचं आहे, लिहिण्याचं यात काही नाही, ते रेमेडियलला आणि वाळूच्या ताटातच चाललंय. अॅपवर बघून पोराला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे की नाही हेही ठरवू नका, त्यासाठी सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, मुंबईवाल्यांना सायनची एलडी क्लिनिक माहीत असेल. दहावी-बारावीला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात ती त्या कागदावर, त्यामुळे ते काम दहावीपर्यंत लांबवू नका.

शाळेच्या धड्यासाठी मी अजून एक करते, धडा एआय चॅटमध्ये टाकून छोट्या वाक्यांत, जोडाक्षरं कमी करून मागते. आधी स्वतः वाचते, कारण मराठी कधी कधी फारच पुस्तकी येते, 'तथापि' वगैरे, ते खोडून 'पण' करायचं आणि मोठ्या फॉन्टमध्ये प्रिंट काढायची.

बसवायची वेळ जेवणाआधीची ठेवा, कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत. आणि शेजारी बसू नका. आमचा दार लोटून वाचतो, आजीला तेवढी आत यायची परवानगी आहे.