लक्ष्मीच्या डाव्या कोपऱ्यातला डाग

बँकेत 31 वर्षं कॅश काउंटरवर काढली. खोटी नोट नुसत्या बोटाला कळायची. त्या मला एका दुकानदाराने 42,500 रुपयांना नकली लक्ष्मी गळ्यात मारली. लाज वाटते, तरी लिहितो. दिवाळी तोंडावर आलीय, "वाड्यातून उतरवलेला माल" पुन्हा बाहेर निघणार.

मला राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचा अस्सल ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा जुना रंगीत छाप, हवा होता. आजोळी माजघरात होता, वाटणीत कुठे गेला देव जाणे. दुकानदार बोलण्यात पक्का. मोबाइलवर राफाएल या जुन्या इटालियन चित्रकाराची मॅडोना, म्हणजे मेरीमाता, काढून म्हणाला, "काका, वस्त्राच्या चुण्या बघा, चेहऱ्यावरचा उजेड बघा. सगळी तिकडचीच शिकवण." युरोपीय तैलचित्रांचं वळण रविवर्म्यात आहेच, त्यामुळे पुढचंही खरं वाटलं. पुढचं म्हणजे, "1892 ची, मळवली प्रेसची." रविवर्म्याचा छापखाना सुरूच झाला 1894 मध्ये, तोही मुंबईत, लोणावळ्याजवळ मळवलीला नंतर गेला. हे मला माहीत होतं! म्हटलं, वर्ष इकडेतिकडे होतं माणसाचं.

ते एक वेळ सोडा. लक्ष्मीच्या खाली डाव्या कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग होता, आंब्याच्या कोयीएवढा, खाली बारीक शेपूट. शेजारी सरस्वती टांगलेली. तिच्याही डाव्या कोपऱ्यात तीच कोय, तेच शेपूट. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "एकाच भिंतीवरच्या आहेत काका, ओल सारखीच धरणार." आणि मी मान हलवली. रात्री दोन-दोनला जाग येते ती त्या मान हलवण्याने.

15,000 फोनवरून, 25,000 रोख, फ्रेमचे वेगळे 2,500. काच काढू दिली नाही, "वार्निश चिकटलंय, सोलून येईल." काच काढू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका. आठवड्याने जावयाने मागचा खाकी कागद फाडला. डागावरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. डाग छापलेला! कसरीने खाल्लेलं भोकसुद्धा छापलेलं. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची नेटकी फुलं, म्हणजे सरळ ऑफसेट, आजची यंत्रावरची छपाई. जुन्या शिळाछापात रंगागणिक वेगळा दगड, ठिपके कारागिराच्या हातचे, वेडेवाकडे. भिंग 150 रुपयांत मिळतं. मी नंतर घेतलं.

चौकीत साहेब म्हणाले, "चित्र मिळालं ना? देवीचंच आहे ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्या खेपेला, "दिवाणी मामला आहे, वकील गाठा." सायबरवाल्यांनी सांगितलं, तुम्ही स्वतः दुकानात गेलात, हे आमच्यात बसत नाही. मग पैसे फोनवरून गेले ते? "ते तुम्हीच पाठवले." तिसऱ्या खेपेला चौकीतले साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला त्यांची बदली. नव्या साहेबांनी बिल मागितलं. बिलावर काय, तर "शोभेची फ्रेम, नग 1, रु. 2,500." चित्राचा उल्लेखच नाही! मी ते वाचलं नव्हतं, घडी घालून खिशात टाकलं होतं. नोटा मोजायची सवय, कागद वाचायची नाही. बिलावर चित्राचं नाव, साल आणि "अस्सल" हा शब्द लिहून घ्या. लिहायला कुरकुरला तर चपला घाला. ग्राहक आयोगाकडे जायचं तर तज्ज्ञाचा दाखला जोडा म्हणतात. दोन जाणकारांना दाखवलं. दोघेही हसले, लिहून कोणी देईना.

आणि रोख देऊ नका. 25,000 चा माग कुठेच नाही.

दुकानात परत गेलो तेव्हा सरस्वतीच्या जागी दत्तात्रेय होते. डावा कोपरा बघायच्या आत त्याने शटर ओढलं.