क्वांटमसाठी जागा: पवईचा टॉवर की महापेचा गाळा?

परवा एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, त्यांना क्वांटम कॉम्प्युटरच्या कामासाठी जागा हवी होती. ब्रोकरने त्यांना पवईत नवव्या मजल्यावरचं ऑफिस 'क्वांटम-रेडी' म्हणून दाखवलं होतं, भाडं अर्थातच त्या मानाने. महापेच्या एमआयडीसीत तळमजल्याचा गाळाही डोक्यात होता. मी एसी-वायरिंगची कामं घेतो, म्हणून दोन्हीकडे जाऊन आलो.

तुम्ही फक्त सॉफ्टवेअर लिहिणार असाल तर यंत्र क्लाउडवर मिळतं. पवई घ्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंगचं (म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं) केंद्र आयआयटीतच आहे, आणि पोरं महापेला यायला कुरकुरतात.

यंत्र बांधणार असाल तर मात्र हिशेब उलटतो. सुपरकंडक्टिंग चिप (अतिथंडीत विजेला अडथळा न करणारी) ज्या फ्रिजमध्ये बसते, तो १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे २७३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. तिथवर पोचायला दोन-दोन दिवस लागतात, मग महिनोन्‌महिने बंद करायचा नाही. त्याच्या कॉम्प्रेसरला चोवीस तास थंड पाणी हवं. पवईच्या त्या इमारतीत सेंट्रल एसी रात्री आठला बंद, रविवारी सुट्टी! स्वतःचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बसवायचा तर गच्चीवर जागा नाही. फ्रिज उंच फ्रेमला टांगतात, त्याची कवचं खाली उतरवायला साखळी-पुली लागते. तिथे फॉल्स सीलिंग काढलं तरी तुळई आडवी येते. आणि हादरे? तेही या यंत्राला चालत नाहीत. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं. लिफ्ट थांबली की पाण्यावर वलयं.

महापेत उंची भरपूर, जमीन भक्कम, चिलर मागच्या बाजूला सहज बसतो. पण पेला तिथेही हलला, कारण शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालते. ठाणे-वाशी लोकलच्या २५,००० व्होल्टच्या तारांपासूनही लांबची जागा बघा, चुंबकीय क्षेत्राचा त्रास क्यूबिटला, म्हणजे चिपवरच्या गणित करणाऱ्या मूळ घटकाला, होतो. वीज ट्रिप झाली तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात, म्हणून यूपीएस आणि जनरेटर भाड्याच्या हिशेबातच धरा. गाळा पोटभाड्याने असेल तर एमआयडीसीची परवानगी आहे का, ते कागदावर बघा.

लेझर आणि ऑप्टिक्सवर, म्हणजे प्रकाशावर, क्वांटमचं काम करणाऱ्यांना असा फ्रिज बहुधा लागत नाही, पण तापमान स्थिर आणि हवा कोरडी हवी. मुंबईच्या जुलैत तेही फुकट मिळत नाही.

गुंतवणूक म्हणून गाळा घेऊन क्वांटम भाडेकरूची वाट बघणाऱ्यांनी जरा थांबावं. मिशनचे ६,००३ कोटी मुख्यतः संस्थांकडे जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) डीआरडीओ आणि टीसीएसबरोबर २०२४ मध्ये ६ क्यूबिटचा प्रोसेसर दाखवला, त्याची चिप कुलाब्यात स्वतःच्या आवारातच घडवली. आंध्रने अमरावतीत यासाठी वेगळी वसाहत आखली आहे. महापेत आज तरी रांग नाही.

गिऱ्हाइकाला म्हटलं, महापेच घ्या, पण टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी दुपारी पुन्हा जाऊन या. प्रेसवाला तेव्हा जोरात असतो.