घरात शू करायला लागलेल्या शहाण्या कुत्रीसाठी एन्झाइम स्प्रे: वापरून बघितला, सांगते

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार बाटलीच्या आत जे आहे त्यासाठी नाही, बाटलीच्या बाहेर जे छापलंय त्यासाठी. त्यावर खाली भरपूर बोलणार आहे.

आमची ठमी. देशी, सात वर्षांची, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन झालेली, वजन अठरा किलो. ठाण्यात वर्तकनगरला चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. पिल्लूपण संपल्यापासून हिने घरात थेंब सांडला नव्हता, पोट बिघडलं तरी अर्ध्या रात्री दाराशी उभी राहून नखं वाजवेल पण घरात करणार नाही अशी बाई. आणि या पावसाळ्याच्या तोंडावर अचानक हॉलच्या कोपऱ्यात, मग किचनच्या उंबऱ्यापाशी, मग थेट आमच्या सासूबाईंच्या गादीवर. सासूबाई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या "अगं हिला काहीतरी होतंय", आणि उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या झोपायला.

बिल्डिंगमधल्या एका काकांनी नेहमीचा सल्ला दिला, नाक घासा तिचं त्यात, परत करायची नाही. असलं काही करू नका प्लीज. कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली, जिथे तुम्हाला चार दिवसांनी सापडेल तिथे जाऊन करतं.

तर स्प्रे. फिनाईलने भागत नाही म्हणून घ्यावा लागला. फिनाईलचा वास आपल्या नाकाला स्वच्छ वाटतो, पण लघवीतले जे पदार्थ फरशीच्या सांध्यात मुरलेत ते तिथेच राहतात. युरियाचं बॅक्टेरिया अमोनिया करतात, आणि ठाण्याच्या जुलैमध्ये हवा इतकी दमट की सुकलेले क्षार ओलावा ओढून घेतात आणि पुसून सुकलेली जागा दोन दिवसांनी परत दरवळते. आपल्याला वास आला नाही तरी कुत्र्याला येतो, आणि त्याच्यासाठी ती पाटी असते, "शू येथे करावी". एन्झाइमवाल्या क्लीनरचं काम वास झाकायचं नाही, वास ज्यातून येतो तेच मोडून टाकायचं. काही बाटल्यांत नुसते एन्झाइम असतात, काहींत ते तयार करणारे जिवंत बॅक्टेरिया, ही दुसरी जात सावकाश काम करते पण खोल मुरलेल्या डागावर मला तीच जास्त पटली.

नौपाड्यातल्या एका पेट शॉपमधून अर्ध्या लिटरची बाटली घेतली, पाचशेच्या आसपास. महाग वाटते, आहेच, कारण ही शिंपडायची नसते, ओतायची असते. शू जितकी खोल गेली तितकं हे पण खोल जायला हवं. आधी जुन्या सुती कापडाने किंवा वर्तमानपत्राने टिपून घ्यायचं, रगडायचं नाही, मग जागा चांगली चिंब करायची, डागाच्या कडेबाहेर वीतभर जास्तच, आणि सोडून द्यायचं. फरशीला पंधरा-वीस मिनिटं, गादी-सोफ्याला तर रात्रभर, वरून ओलं कापड टाकून, कारण सुकलं की काम थांबलं. आमच्या व्हिट्रिफाइड टाइल्सना काही नाही होत, पण मधल्या ग्राउटच्या रेघा सगळं पिऊन बसतात, तिथे मी जुन्या टूथब्रशने चेपून भरलं. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापाशी पालथी पडून नाक लावून बघितलं, वास नाही. खरंच नाही. ठमीनेही हुंगलं आणि पुढे गेली, माझ्यापेक्षा तिचं सर्टिफिकेट मोठं.

एकच गडबड झाली. हॉलच्या कोपऱ्यात स्प्रे ओतून ठेवला होता आणि कामाच्या मावशींनी सवयीने त्यावरून फिनाईलचा पोछा फिरवला. झालं, सगळं फुकट. फिनाईल, ब्लीच, गरम पाणी, यातलं काहीही वर गेलं की एन्झाइम गेले कामातून. त्या जागेवर आधी काही मारलेलं असेल तर दोनदा साध्या पाण्याने पुसून मगच हे वापरा. आणि शू झालेल्या जागेवर ब्लीच तर ओतूच नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून जो वायू होतो तो छातीला त्रास देतो, बंद बाथरूममध्ये तर अजिबात नको. व्हिनेगरचा घरगुती उपाय ताज्या डागाला तात्पुरता बरा, पण मार्बलवर टाकलात तर पॉलिश कायमचं जाईल.

बरोबर एक यूव्ही टॉर्च घेतला, हा मात्र डोळे झाकून घ्या (म्हणजे विकत घ्या, डोळ्यात मारू नका). रात्री सगळे लाइट घालवून फिरवला की जुनी शू पिवळट-हिरवट चमकते. चपलांच्या रॅकमागे एक आख्खं तळं निघालं जे कोणालाच माहीत नव्हतं. फक्त कपडे धुवायच्या पावडरमुळे चादरी-पडदे पण निळसर चमकतात, ते बघून घाबरू नका, आमच्याकडे पाच मिनिटं सगळं घर गुन्हेगार ठरलं होतं.

ट्रेनिंग पॅडवर पैसे घालवू नका असं मी म्हणेन, निदान मोठ्या कुत्र्यासाठी. ज्या कुत्रीला सात वर्षं घरात करायचं नसतं हे पक्कं माहीत आहे तिला पॅड टाकून आपणच सांगतो की चालतंय. फार म्हातारं कुत्रं असेल, जिने उतरवत नसतील, तर गोष्ट वेगळी. गादीसाठी जांभळी नाक्यावरून मीटरवर मेणकापड आणा आणि चादरीखाली घाला, तान्ह्या बाळाच्या घरात घालतात तसं. कापसाच्या गादीत आतपर्यंत गेलं तर कुठलाच स्प्रे ती वाचवत नाही, आणि पावसात गच्चीवर ऊन दाखवायचं तरी कसं.

आता तो कापलेला स्टार. बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलंय की हे वापरल्यावर कुत्रं परत त्या जागी करणार नाही, आणि दुकानदारही तेच म्हणाला, "मॅडम, ही मारा, प्रॉब्लेम खल्लास". अहो, वास हे परत तिथेच करायचं कारण असू शकतं, पण सात वर्षं न करणारी कुत्री पहिल्यांदा का करते याचं उत्तर बाटलीत कसं असेल? शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं की पहिला खर्च डॉक्टरचा, दुसरा स्प्रेचा. दुकानात हे कोणी सांगणार नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की बसून करते का झोपेत गळते? उठल्यावर अंथरूण ओलं आणि तिला पत्ताच नाही, असं असेल तर ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो त्यातलं असू शकतं, त्यावर रोजचं औषध असतं आणि बहुतेकींना चांगला फरक पडतो. ठमी बसून करत होती, थोडी थोडी, सारखी सारखी. दुसरा प्रश्न पाणी किती पिते. मोजून बघा म्हणाले, दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर जास्त. म्हणजे हिच्या वजनाला 1800 मिली. मेजरिंग कपने वाडगा भरून हिशोब ठेवला, तेवढं काही नव्हतं. जास्त भरलं असतं तर डायबेटिस, किडनी वगैरे बघावं लागलं असतं. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा, त्यानेही पाणी आणि शू दोन्ही वाढतं.

मग सॅम्पल. सकाळच्या फेरीला ती बसली की मागून हळूच फरसाणाच्या डब्याचं उकळत्या पाण्याने धुतलेलं चपटं झाकण सरकवायचं. वॉचमन बघतोय, दूधवाला बघतोय, एका हातात छत्री. पण जमतं. लगेच लॅबला देता येत नसेल तर नीट बंद करून फ्रिजमध्ये. कल्चरसाठी (म्हणजे जंतू वाढवून कुठले आहेत ते बघायच्या तपासणीसाठी) मात्र डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून सुईने थेट मूत्राशयातून घेतलं, बाहेरचे जंतू मिसळायला नकोत म्हणून. ऐकायला भयंकर वाटतं, ती तर माझ्या हातातल्या बिस्किटाकडेच बघत होती. इन्फेक्शन निघालं. कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक, कोर्स पूर्ण, आणि घरातली तळी बंद.

पावसाळ्यात अजून एक, पुसताना हातमोजे घाला. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) आपल्याकडे दर पावसात असतोच, उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात, तिथून कुत्र्याला, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. वार्षिक लस चुकवू नका, आणि शूबरोबर ताप, उलट्या, डोळे पिवळे असं काही दिसलं तर स्प्रे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. खाजगी क्लिनिक परवडत नसेल तर मुंबईत परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, रांग असते पण आहे.

तर घ्यावा का? कारण सापडलं असेल किंवा शोधणं चालू असेल तर हो, आणि मी परत घेणार, कारण कोपऱ्यातला वास गेला नसता तर बरी झाल्यावरही ती तिथेच गेली असती असं मला वाटतं. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो पण जिवंत बॅक्टेरियावाल्याला एक्सपायरी असते आणि उन्हात तापलेल्या गाडीत किंवा बाल्कनीत ठेवून चालत नाही, एका कुत्र्याच्या घराला एवढं लागत पण नाही. बाटलीचा ट्रिगर मात्र भिकार आहे, गळतो. दुसऱ्या बाटलीत काढून ठेवणार असाल तर काच पुसायच्या लिक्विडची रिकामी बाटली घेऊ नका, त्यातल्या काहींमध्ये अमोनियाच असतो. नवी साधी स्प्रे बाटली स्टेशनबाहेर पन्नास-साठ रुपयांत मिळते.