‘ग्रँड लार्सनी’ शिकवणाऱ्या वर्गाविषयी

कायदेविषयक इंग्रजी कागदपत्रांचा मराठी अनुवाद हा माझा व्यवसाय आहे. न्यूयॉर्कच्या आरोपपत्रांत वारंवार येणाऱ्या ‘ग्रँड लार्सनी’ (चोरीचा गंभीर प्रकार) या संज्ञेपाशी मी नेहमी अडत असे, म्हणून भारतीय भाषांच्या अनुवादकांसाठी असलेल्या दोन तासांच्या ऑनलाइन वर्गाला नाव नोंदवले.

शिकवणाऱ्या वकीलबाईंनी सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर एक पाकीट ठेवले. त्यात ४० डॉलर आणि एक क्रेडिट कार्ड होते. टेबलावरून नुसते पैसे उचलले तर ती पेटिट लार्सनी, म्हणजे किरकोळ चोरी. पण कार्ड उचलले की रकमेचा प्रश्नच उरत नाही, आणि तेच पाकीट कोणाच्या खिशातून मारले तर आत १० डॉलर असले तरी आरोप ग्रँड लार्सनीचाच लागतो. मी इतकी वर्षे ‘मोठी चोरी’ लिहीत आले, ते किती अपुरे होते हे मला तिथे उमगले.

किमतीवरून ठरणारे दर्जेही त्यांनी नीट समजावले. मालाची किंमत १,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर चौथा दर्जा; बरोबर १,००० असेल तर नाही. पुढच्या मर्यादा ३,०००, ५०,००० आणि १० लाख डॉलरच्या असून, कमाल शिक्षा चौथ्या दर्जाला ४ वर्षे, तर पहिल्याला २५ वर्षे आहे. इंग्लंडमध्ये पेटिट आणि ग्रँड लार्सनीमधली सीमारेषा एके काळी अवघ्या १२ पेन्सची होती आणि ती ओलांडणाऱ्याला फाशी होऊ शकत असे. तिथे हा भेद १८२७ मध्ये रद्द झाला, न्यूयॉर्कने मात्र तो राखला.

सोबत दिलेल्या मराठी शब्दावलीबाबत माझी गंभीर तक्रार आहे. तीत ग्रँड लार्सनीला ‘दरोडा’ म्हटले आहे. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात आणि बळजबरीही लागते. ग्रँड लार्सनी एकटा माणूस कोणाला धक्काही न लावता करू शकतो. अशा एका शब्दाने आरोपीवर न केलेला गुन्हा लादला जातो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांखालच्या पहिल्या चोरीसाठी, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. ही तुलना वर्गात यायला हवी होती.

शिकवणीसाठी वर्ग जरूर करावा, शब्दावली मात्र वापरू नये. ती दुरुस्त करावी, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे.