अंगठ्याच्या संधिवातासाठी रॉकर सोलचे सँडल

माझं पोळीभाजी केंद्र आहे, त्यामुळे दिवसभर ओट्यापाशी उभं राहणं आलंच. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय. उभं करून काढलेल्या एक्स-रेत डॉक्टरांनी दोन हाडांमधली फट जवळजवळ मिटलेली दाखवली. ऑपरेशनचं नंतर बघू, आधी पायातलं बदला, असं त्यांनीच सांगितलं.

म्हणून पुण्यातल्या एका ऑर्थोटिक, म्हणजे दुखऱ्या पायांसाठी खास पादत्राणं बनवणाऱ्या दुकानातून हे सँडल करून घेतले. तळ जाड आणि टणक, चवड्यापासून होडीसारखा वर वळलेला. पाऊल टाकताना अंगठा फारसा दुमडावाच लागत नाही, तळच पुढे कलतो. जिना चढताना मस्तकात जाणारी कळ बरीच कमी झाली. झिजलेला सांधा याने भरून येत नाही, पण संध्याकाळच्या पोळ्या उभ्याने लाटता येतात, मला तेच हवं होतं! पुढून रुंद असल्याने अंगठ्यावरचं वाढलेलं हाडही घासत नाही.

तक्रार एकच, वेल्क्रोत पीठ अडकून पट्टा सुटतो. बक्कल मागून घ्या. आणि तोल जात असेल तर दुकानातच चार फेऱ्या मारून बघा, वळलेल्या तळाची सवय व्हायला वेळ लागतो.