थंडीची रात्र: भरीत करायचं की शेवभाजी?

उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर तापणारं आमचं जळगाव डिसेंबर-जानेवारीत 10 च्या खाली उतरतं. सहालाच अंधारून येतं, शाली बाहेर निघतात आणि रात्री काय करायचं हा विषय निघतो. खान्देशात त्यावर बहुतेक दोनच नावं पुढे येतात, भरीत किंवा शेवभाजी. दोन्ही झणझणीत, दोन्ही पोटभरीची, पण करायला बसलात की दोघांची तऱ्हा अगदी निराळी. घरी पाहुणे यायचे असतील किंवा बाहेरगावी राहून पहिल्यांदाच यातलं एखादं करणार असाल, तर आधी हे वाचून घ्या.

भरताची सगळी मदार वांग्यावर. बामणोद, असोदा भागातलं भरिताचं वांगं हिरवट-पांढरं, चांगलं मोठं, गराने भरलेलं आणि कमी बियांचं असतं. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. बाहेरगावी असताना मी एकदा दिसायला छान म्हणून चकचकीत जांभळी वांगी आणली. भाजून उघडली तर आत बियाच बिया, आणि चव कडवट. चार माणसं ताटावर बसायची होती, ऐनवेळी पिठलं टाकावं लागलं. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं तर घ्यावं, जड लागलं तर बियांनी भरलेलं समजावं.

वांगं भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्या लागतात. शेतातल्या भरीत पार्टीला जी चव असते ती या जाळाची आणि धुराची. गॅसवरही जमतं, फक्त सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर वांगं फुटतं. आच मध्यम ठेवून फिरवत राहा. एका मोठ्या वांग्याला 15 मिनिटं सहज जातात. साल काळीकुट्ट होऊन देठाजवळचा भागही बोटाने दबला की उतरवा. आता महत्त्वाचं: सोलताना नळाखाली धरू नका. धुराचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. वाटीत पाणी घ्या, बोटं बुडवत साल काढा. मग वांगं उभं उकलून आत किड आहे का ते उजेडात बघा, आणि त्यानंतरच ठेचा. तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप परतायचे, मिरची-लसूण ठेचून गरात मिसळायचं, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. पात हिवाळ्यातच कोवळी मिळते, म्हणून तीही भरपूर घाला. एक किलो वांग्यांत तीन-चार जणांचं होतं.

शेवभाजीला हंगाम लागत नाही. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गावरच्या ढाब्यांवर ती बाराही महिने असते. इथे मदार मसाल्यावर. चार जणांसाठी चार मध्यम कांदे आणि सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी थेट विस्तवावर भाजा, खोबरं काळपट होऊ द्या, पण जळू देऊ नका. लसूण, आलं, कोथिंबीर आणि खडा मसाला घालून बारीक वाटा. तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई केली की रस्सा कच्चट लागतो, मग कितीही उकळा. गरम पाणी घालून रस्सा खळखळला की तर्री वर येते. शेव भाजीचीच घ्या, जाड आणि तिखट, 200 ग्रॅम. फराळाची बारीक शेव रश्श्यात विरघळून जाते. आणि शेव पानं वाढल्यावरच टाका.

वेळेचं म्हणाल तर शेवभाजी पाऊण तासात एकट्याने होते. भरताला दीड तास धरा, शिवाय भाजायला, सोलायला, ठेचायला हात हवेत. दुसऱ्या दिवसासाठी उरवायचं असेल तर शेवभाजीचा रस्सा बिनशेवेचा काढून ठेवा, सकाळी तो जास्तच मुरलेला असतो. भरीतही सकाळी थंड भाकरीबरोबर छान लागतं. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांना मात्र शेवभाजी रात्री जड जाते. भरतात मिरच्या कमी करता येतात, काळ्या रश्श्यातलं तिखट कमी केलं की उरतं काय?

हल्ली घरातली मुलं चिकन सॉसेजचं पाकीट आणतात आणि काहीतरी गरम करून दे म्हणतात. शेवेच्या जागी तेही रश्श्यात चालतं. चकत्या करून तेलावर दोन्ही बाजूंनी लालसर करायच्या, शेवटची पाच-सात मिनिटं रश्श्यात सोडायच्या. बहुतेक पाकिटातलं सॉसेज आधीच शिजवलेलं असतं, तरी सूचना वाचाव्यात. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून रश्श्याला मीठ त्यानंतर चाखून घाला.

मला विचाराल तर थंडीत मी भरीत निवडते. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येतं, आणि तिथून पुढचे दोन-अडीच महिने वांगं जसं लागतं तसं नंतर लागत नाही. शेवभाजी जूनच्या पहिल्या पावसातही तितकीच गोड लागेल. पण ऑफिसातून सातला घरी आलात, एकटे आहात आणि वांगी जांभळीच मिळाली आहेत, तर विचार न करता खोबरं भाजायला घ्या.

भरीत ठरलं तर कळण्याच्या भाकरीचं पीठ सकाळीच दळून आणा. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि खडे मीठ असं प्रमाण आहे. संध्याकाळी सहाला गिरणीत रांग असते, आणि भाजलेलं वांगं थांबत नाही.