केअरर्स असेसमेंट: प्रश्नांना पाचपैकी पाच, पुढच्या कामाला दोन

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून घरचं सगळं माझ्याकडे आहे, शिवाय हिशेबाची अर्धवेळ नोकरी. इंग्लंडमधल्या आपल्या पुष्कळ मंडळींना ठाऊकच नसतं की आजारी माणसाइतकंच त्याचं करणाऱ्याचंही (केअररचं) असेसमेंट, म्हणजे त्याला काय झेपतं आणि कसली मदत लागते याची पाहणी, करणं कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, बंधनकारक आहे. पैसे पडत नाहीत. मी मागितलं, त्याचा हा अनुभव.

आधी चांगलं सांगते. आलेल्या बाई निवांत बसल्या आणि ह्यांच्या औषधांची यादी बाजूला ठेवून त्यांनी मलाच विचारलं, "हे सगळं करायची तुमची तयारी आहे का? आणि पुढेही झेपेल का?" लग्नाच्या बायकोला असं कोण विचारतं? आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांपैकी एकानेही विचारलेलं नाही. मग झोप, पाठदुखी, नोकरी टिकवायची आहे का, काही शिकायचं राहिलंय का, स्वतःसाठी घराबाहेर कधी पडता. फॉर्म लांबलचक आहे, पण फालतू प्रश्न एकही नाही.

माझा स्वभाव चौकस, म्हणून हा फॉर्म आला कुठून ते नंतर वाचून काढलं. मेरी वेब्स्टर नावाच्या धर्मोपदेशक बाईंनी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी 1954 मध्ये काम सोडलं. 1963 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली आणि तशाच अडकलेल्या बायकांची उत्तरं येऊ लागली. 1965 मध्ये संघटना उभी राहिली, पण ती अविवाहित बायकांची. लग्न झालेल्यांचं काय? 1976 मध्ये आजाऱ्याचं करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, तोही नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला मिळत नसे. कारण काय, तर ती तशीही घरीच असते! म्हणजे तेव्हा मला छदामही मिळाला नसता. जॅकलिन ड्रेक यांनी आईचं करण्यासाठी नोकरी सोडली होती. त्यांनी हे प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात नेलं आणि जून 1986 मध्ये त्या जिंकल्या. निकालाच्या आदल्याच दिवशी सरकारने भत्ता विवाहित बायकांनाही द्यायचं जाहीर केलं. हरणार हे दिसल्यावर आलेलं शहाणपण, असं माझं मत.

दरम्यान 1981 मध्ये ज्युडिथ ऑलिव्हर यांनी सगळ्याच करणाऱ्यांसाठी संघटना काढली, मग ती बायको असो, मुलगा असो की शेजारी. त्यांचे स्वतःचे पती अपंग होते. 1988 मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. आजची केअरर्स यूके ती हीच.

असेसमेंटचा हक्क पहिल्यांदा आला 1995 च्या कायद्याने. खासदार माल्कम विक्स यांनी तो खासगी विधेयक म्हणून, म्हणजे सरकारतर्फे नव्हे तर स्वतःहून, आणला होता. पण तेव्हा आजाऱ्याचं असेसमेंट होत असेल तरच तुमचं होणार, अशी अट होती. 2000 मध्ये ती सैल झाली. नोकरी, शिक्षण आणि फुरसत यांचा विचार करायलाच हवा, हे 2004 च्या कायद्याने आणलं. मला ज्यावर हसू आलं होतं तो ‘काही शिकायचंय का’ हा प्रश्न त्यातलाच. आणि 2014 च्या केअर ॲक्टमुळे गरज निकषात बसली तर आधाराची सोय करणंही इंग्लंडच्या कौन्सिलांना भाग पडलं.

आता तीन गुण का कापले ते. मला आणीबाणीचं कार्ड मिळालं, म्हणजे मी रस्त्यात पडले तर घरी कुणी एकटं आहे हे कळावं. ते उत्तम. एकदाच मिळणारी छोटी रक्कम मिळाली, ती पोहण्याच्या वर्गाला लावली. पण मला खरी हवी होती ती आठवड्यातून एक दुपार सुट्टी, ह्यांच्याजवळ बसायला कुणीतरी. त्यासाठी प्रतीक्षायादी आणि फोन नंबरांचा कागद. त्यातले काही नंबर बंद. बाईंचा दोष नाही, त्या स्वतःच ओशाळल्या होत्या.

भत्त्याचं खातं वेगळं, कौन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही. 2025–26 साली आठवड्याला 83.30 पाउंड, तेही आठवड्याचे किमान 35 तास आजाऱ्याचं करत असाल तर. पगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा एक पाउंड जरी वर गेला तरी अख्खा भत्ता बंद, म्हणून जादा तास घेण्याआधी मर्यादा तपासा. एप्रिल 2024 पासून आजाऱ्याचं करण्यासाठी नोकरीत वर्षाला एक आठवड्याची रजा हक्काने मिळते, पण बिनपगारी.

असेसमेंट मागणार असाल तर लेखी मागा. आजारी माणसासमोर बोलायला संकोच वाटत असेल तर वेगळं बोलायचं आहे असं आधीच कळवा, मान्य करतात. रात्री किती वेळा उठावं लागतं ते आठवडाभर लिहून ठेवा, नाहीतर आपण सवयीने ‘तसं बरं चाललंय’ म्हणून मोकळे होतो आणि तेच फॉर्मवर उतरतं. शेवटी लेखी प्रत मागून घ्या. माझ्या प्रतीत ‘नोकरी’च्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून आलं होतं. मेल पाठवून दुरुस्त करून घेतलं.